एक फाईल, दोन पायथन

पायथनच्या दोन ओळी घ्या. पहिली ओळ 'नोंद' नावाची फाईल लिहिण्यासाठी उघडते आणि तिच्यात 'नमस्कार' असं लिहिते. दुसरी ओळ तीच फाईल वाचायला उघडते आणि आत जे असेल ते पडद्यावर दाखवते. पायथन शिकायला लागून आठवडाही न झालेला माणूस या ओळी लिहू शकतो, इतक्या त्या सोप्या आहेत.

आता लिनक्सच्या एकाच यंत्रावर, एकाच डिस्कवर हा कार्यक्रम दोनदा चालवा. एकदा नेहमीच्या पायथनने चालवलात तर पडद्यावर 'नमस्कार' उमटतो. दुसऱ्यांदा 'पायपाय' नावाच्या पायथनने चालवलात तर पडदा कोरा. फाईल तयार झालेली आहे, पण आत काहीच नाही! तक्रार नाही, लाल अक्षरांतली चूक नाही, काही नाही. आणि गंमत म्हणजे कार्यक्रम संपल्यावर तीच फाईल उघडून पाहिलीत तर 'नमस्कार' तिथे बसलेला असतो.

मधल्या वेळात तो होता कुठे?

त्याआधी, 'दोन पायथन' ही काय भानगड आहे? गीडो व्हान रॉसम यांनी १९८९च्या डिसेंबरात अ‍ॅम्स्टरडॅममध्ये पायथनवर काम सुरू केलं आणि १९९१ साली तो जगापुढे ठेवला. त्यांनी लिहिलेला, पायथनच्या ओळी समजून घेऊन चालवणारा कार्यक्रम सी भाषेत होता. त्याच घराण्यातला आजचा कार्यक्रम म्हणजे सीपायथन. आपण बहुतेक जण 'पायथन' म्हणतो तेव्हा हाच आपल्या मनात असतो. पण भाषा वेगळी आणि ती चालवणारा वेगळा. १९९७मध्ये जिम ह्युगनिन यांनी हीच भाषा जावाच्या यंत्रणेवर चालवून दाखवली, तिचं नाव पुढे जायथन झालं. याच गृहस्थांनी नंतर मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटवर आयर्नपायथन उभा केला. आणि २००३ साली काही मंडळींच्या डोक्यात आलं की पायथन चालवणारा कार्यक्रम पायथनमध्येच का लिहू नये? तो पायपाय. स्वतःचंच शेपूट तोंडात धरलेला साप हे त्याचं चिन्ह आहे, आणि ते त्याला शोभतंही.

भाषा म्हणजे शेवटी एक करारनामा: अमुक लिहिलं तर तमुक व्हायला हवं. जिथे करारात स्पष्ट लिहिलंय तिथे ही सगळी भावंडं एकसारखी वागतात. पण करारात काही जागा मुद्दाम कोऱ्या सोडलेल्या असतात. आपल्या 'नमस्कार'ची गडबड नेमकी अशाच एका कोऱ्या जागेत झाली.

फाईलमध्ये लिहा म्हटलं की अक्षरं लगेच डिस्कवर जात नाहीत. डिस्कपर्यंतची प्रत्येक फेरी महाग असते, म्हणून अक्षरं आधी मेमरीतल्या 'बफर' नावाच्या कोठारात साठतात. सीपायथनच्या तिसऱ्या पिढीत हा बफर वर्षानुवर्षं बहुधा ८१९२ बाइटचा असायचा. 'नमस्कार' म्हणजे फक्त २१ बाइट. तो या कोठारात एका कोपऱ्यात जाऊन बसतो. कोठार भरलं, कोणी 'आता पाठव' म्हटलं किंवा फाईल बंद झाली, तरच माल पुढे जातो.

मग फाईल बंद कोणी करायची? आपल्या दोन ओळींत ते कुठेच सांगितलेलं नाही. आपण फाईल उघडली, लिहिलं आणि तिचा नाद सोडून दिला.

सीपायथन प्रत्येक वस्तूच्या अंगावर एक आकडा ठेवतो: या क्षणी हिला किती जणांनी धरून ठेवलंय? कोणी नव्याने धरलं की आकडा एकने वाढतो, सोडलं की एकने घटतो. शून्य झाला की त्याच क्षणी वस्तू नष्ट होते. आपली पहिली ओळ संपते तेव्हा त्या फाईलला धरणारं कोणीच उरत नाही. आकडा शून्य होतो, फाईल बंद होते आणि बफर डिस्कवर रिकामा होतो. दुसरी ओळ सुरू होण्याआधी हे सगळं उरकलेलं असतं, म्हणून तिला 'नमस्कार' सापडतो.

पायपाय हा आकडा ठेवतच नाही. का? कारण ही मोजदाद फुकट होत नाही. साध्या बेरजेतसुद्धा वस्तू धरल्या-सोडल्या जातात, आणि सेकंदाला कोट्यवधी वेळा हे वाढवा-घटवाचं काम करायचं तर त्यातच वेळ जातो. पायपायचा सगळा भर वेगावर. म्हणून त्याने घंटागाडीची पद्धत स्वीकारली. आपण कचरा घरात साठू देतो, आणि गाडी तिच्या वेळेला येऊन एकदम सगळा घेऊन जाते. एकेक कागद उचलून लगेच कोपऱ्यावर टाकायला जाणाऱ्या माणसापेक्षा दिवसाअखेर हाच हिशोब स्वस्त पडतो. फक्त तुमची फाईल त्या कचऱ्यात असेल, तर घंटा वाजेपर्यंत ती उघडीच राहते आणि २१ बाइट बफरमध्येच अडकून राहतात.

इथे खरी मजा सुरू होते. ही गाडी येते कधी? मेमरी भरत आली की. आणि उघड्या फाईलला मेमरी किती लागते? नगण्य. समजा तुम्ही एका लूपमध्ये एकामागून एक हजारो फाईली उघडून वाचताय आणि एकही बंद करत नाही. गार्बेज कलेक्टरच्या, म्हणजे या घंटागाडीच्या, नजरेत घर स्वच्छच आहे. पण खाली ऑपरेटिंग सिस्टीम वेगळंच मोजत असते. लिनक्सवर एका कार्यक्रमाला एका वेळी साधारणपणे १०२४ फाईली उघड्या ठेवण्याची मुभा असते. कलेक्टर मेमरीकडे बघत निवांत बसलेला, आणि पलीकडे 'आता फाईली खूप झाल्या' असं म्हणून सिस्टीमने दार लावलेलं! सीपायथनवर वर्षभर बिनबोभाट चाललेला कार्यक्रम पायपायवर काही क्षणांत कोलमडू शकतो. दोघांपैकी कोणीही करार मोडलेला नसतो.

कारण पायथनच्या अधिकृत संदर्भग्रंथात साफ लिहिलंय की वस्तू लगेच नष्ट होईल यावर विसंबू नका, फाईल स्वतः बंद करा. सीपायथन आपल्याला न मागता जी सवलत देत आला तिलाच आपण हक्क समजून बसलो. २००६ साली पायथन २.५मध्ये 'विथ' आला. फाईल 'विथ'च्या आत उघडली की तो तुकडा संपताच ती बंद होते, मग चालवणारा कोणीही असो. माझ्या मते 'विथ' हा पायथनमधला सगळ्यात कमी कौतुक झालेला शब्द आहे.

पण फाईल वेळेवर बंद झाली म्हणून ती सगळीकडे सारखीच वाचली जाते असं समजू नका. ओळ कुठे संपते हेसुद्धा ठरलेलं नसतं.

टेलिप्रिंटरच्या काळात नव्या ओळीवर जायला दोन हालचाली लागत. छापणारा भाग डावीकडे परत न्यायचा आणि कागद एक ओळ वर सरकवायचा. दोन्हींसाठी दोन वेगळे संकेत: १३ आणि १०. युनिक्सने ठरवलं, एकटा १० पुरे. डॉस आणि विंडोजने दोन्ही ठेवले, १३ आणि मागोमाग १०. जुन्या मॅकने तिसराच मार्ग धरला, एकटा १३. पायथन २.३पासून सांगितलं तर या तिन्ही प्रकारांना ओळ मानता येऊ लागलं, आणि पायथन ३ने मजकूर वाचताना ते न सांगताच करायला सुरुवात केली.

याहून विलक्षण गोष्ट २६ या आकड्याची. सत्तरच्या दशकातली सीपी/एम ही ऑपरेटिंग सिस्टीम फाईलची लांबी १२८ बाइटच्या तुकड्यांतच मोजायची. मजकूर १३० बाइटचा असेल तर? दोन तुकडे, म्हणजे २५६. उरलेली जागा कचऱ्याची. मग मजकूर खरा कुठे संपला हे कळायचं कसं? शेवटी २६ हा बाइट लिहून. डॉसने ही रीत वारशाने घेतली, विंडोजवरच्या सी भाषेच्या ग्रंथालयाने ती जपली, आणि पायथन २ फाईल वाचायचं काम त्या ग्रंथालयावर सोपवायचा. त्यामुळे विंडोजवर पायथन २ने एखादी फाईल साध्या मजकुरासारखी उघडली आणि मध्ये कुठेही २६ आला, की तो म्हणायचा: संपली फाईल! पुढे लाखो बाइट असले तरी.

हे सगळं एकाच ठिकाणी पाहायचं असेल तर कोणतंही पीएनजी चित्र घ्या. अशा प्रत्येक फाईलच्या सुरुवातीला हे आठ बाइट असतात: १३७, ८०, ७८, ७१, १३, १०, २६, १०. मधले ८०, ७८, ७१ म्हणजे 'पीएनजी' ही रोमन अक्षरं. बाकीचे पाच कशाला? ते सापळे आहेत! १३७ हा १२७पेक्षा मोठा आहे. वाटेत कोणी बाइटचा आठवा बिट छाटला तर इथेच पकडला जातो. १३ आणि १० ही जोडी कोणी 'सुधारून' एकटा १० केली, तर कळतं. २६ आहे तो डॉसवर कोणी चित्र मजकूर म्हणून पडद्यावर ओतायला लागलं तर तिथेच थांबावं म्हणून. आणि शेवटचा एकटा १० कोणी १३-१० केला, तर तेही कळतं. नव्वदच्या दशकात ज्यांनी हा आकृतिबंध ठरवला त्यांना फाईली वाटेत कशा कशा बिघडतात हे पुरेपूर माहीत होतं. आठ बाइटांत त्यांनी सगळ्यांसाठी पिंजरा लावून ठेवला.

आता त्या पिंजऱ्यात पायथन सोडा. विंडोजवर पायथन २ने मजकूर म्हणून वाचायला सांगा: १३७, तीन अक्षरं, १३-१०चा झालेला एकटा १०, मग २६ दिसला आणि काम थांबलं. अख्ख्या चित्रातून हाती आले पाच बाइट! लिनक्सवर पायथन ३ने वाचा: पहिल्याच बाइटवर तो हात वर करतो, कारण यूटीएफ-८ या अक्षरांच्या तक्त्यात कोणतंही अक्षर १३७ने सुरू होऊच शकत नाही. विंडोजवर पायथन ३ने वाचा: तिथे तो १३७ला दरहजारी चिन्ह समजून पुढे जातो, २६लाही घाबरत नाही, आणि बहुधा चित्राच्या आत कुठेतरी अडखळतो. तेच चित्र 'बायनरी' म्हणून उघडलंत तर मात्र सगळीकडे तेच आठ बाइट, त्याच क्रमाने.

लिनक्सवर एक आणि विंडोजवर दुसरंच, असं का? कारण बाइटचं अक्षर करायला कोणता तक्ता वापरायचा हेही पायथन ३ने बरीच वर्षं यंत्रावर सोडलं होतं. लिनक्स आणि मॅकवर यूटीएफ-८. इंग्रजी मांडणीच्या विंडोजवर बहुधा १२५२ क्रमांकाचा पश्चिम युरोपीय तक्ता. आणि इथे मराठीत काय घडतं ते ऐका, कारण मला तरी या सगळ्या प्रकरणात हीच सर्वांत अजब गोष्ट वाटते.

यूटीएफ-८मध्ये देवनागरीची प्रत्येक खूण तीन बाइटांची. पहिला नेहमी २२४, दुसरा १६४ किंवा १६५. 'क' म्हणजे २२४, १६४, १४९. ही फाईल १२५२च्या तक्त्याने वाचली की २२४चा होतो डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन 'ए', १६४चं होतं चार कोपऱ्यांना काड्या फुटलेलं वर्तुळ. बिघडलेल्या मराठी ईमेलमध्ये किंवा स्प्रेडशीटमध्ये तीच ती जोडी पुन्हा पुन्हा का दिसते, ते आता कळलं? आपल्या प्रत्येक खुणेचा पहिला बाइट सारखाच असतो, आणि दुसरा दोनांपैकी एक.

पण १२५२च्या तक्त्यात २५६पैकी पाच घरं रिकामी आहेत: १२९, १४१, १४३, १४४ आणि १५७. इतर बरेच कार्यक्रम ही घरं गुपचूप ओलांडून जातात. पायथनला ते खपत नाही, तो तिथेच चूक दाखवून थांबतो. आता बघा, ऱ्हस्व उकाराचा तिसरा बाइट आहे १२९. हलन्ताचा १४१. 'ए'चा १४३, 'ऐ'चा १४४, आणि 'झ'चा १५७!

म्हणजे शहरांची यादी असलेली यूटीएफ-८ फाईल अशा विंडोजवर एकेक नाव करून वाचली तर? नाशिक वाचलं जातं, अर्थात अगम्य चिन्हांच्या रूपात. सातारा, सांगली आणि पणजीचंही तेच. पुण्याला पायथन अडतो, कारण 'पु'मध्ये ऱ्हस्व उकार. मुंबईला अडतो. कोल्हापूर आणि रत्नागिरीला जोडाक्षरामुळे अडतो. नागपूर मात्र सुटतं, कारण त्याचा उकार दीर्घ! शुद्धलेखनाच्या ऱ्हस्व-दीर्घाने शाळेत गुण जात होते. इथे त्यावर कार्यक्रम चालणार की कोसळणार हे ठरतं. आणि आपला सुरुवातीचा 'नमस्कार' अर्ध्या 'स'वरच गारद होतो.

माझ्या मते अडलेलं पुणं हे सुटलेल्या नाशिकपेक्षा बरं. निदान चूक झाली हे कळतं तरी. नाशिकचा झालेला चिखल मुकाट्याने पुढच्या डेटाबेसमध्ये जाऊन बसतो. पायथन ३.१५पासून सगळीकडे यूटीएफ-८च गृहीत धरायचं ठरलं आहे. तोवर फाईल उघडताना 'एन्कोडिंग' स्वतः लिहिण्याचा कंटाळा करू नये हे उत्तम.

तक्ता बरोबर असला तरी वाचणाऱ्याची कसरत संपत नाही. ते ८१९२ बाइटचं कोठार आठवतंय? वाचतानाही सीपायथन मजकूर तितक्याच घासांनी उचलतो. समजा फाईलमध्ये नुसते 'क'च 'क' आहेत. ८१९२ला ३ने भागा. २७३० पूर्ण 'क', आणि उरले दोन बाइट. म्हणजे २७३१वा 'क' मधोमध चिरला गेला! २२४ आणि १६४ या घासात, १४९ पुढच्या घासात. तरी तुम्हाला कधी अर्धा 'क' दिसलाय? नाही, कारण बाइटांची अक्षरं करणारा डीकोडर ते दोन बाइट गपचूप मुठीत धरून ठेवतो आणि तिसरा आल्यावरच अक्षर बाहेर सोडतो. घास १३वर संपला तरी तेच. ही जुन्या मॅकची पूर्ण ओळ, की विंडोजच्या जोडीतला पहिला अर्धा भाग? पुढचा बाइट पाहिल्याशिवाय सांगताच येत नाही. म्हणून तो १३ही मुठीत.

आता विचारा, 'आत्ता आपण फाईलमध्ये कुठे आहोत?' पायथनमध्ये हे 'टेल' सांगतं आणि 'सीक' त्या जागी परत नेतं. पण 'अमुकावा बाइट' एवढंच उत्तर पुरेल का? मुठीत काही धरलेलं असेल तर नाही पुरणार. नेमकं परत यायचं तर मुठीत काय होतं, किती बाइट पुन्हा भरवायचे, किती अक्षरं सोडायची, हे सगळं लक्षात ठेवावं लागेल. सीपायथन काय करतो? हे सगळं एकाच पूर्णांकात कोंबतो! खालचे ६४ बिट जागेसाठी, त्यावरचे काही डीकोडरच्या अवस्थेसाठी, त्यावरचे पुन्हा भरवायच्या बाइटांसाठी, त्यावरचे सोडायच्या अक्षरांसाठी. पायथनमध्ये पूर्णांक हवा तितका लांब होऊ शकतो, म्हणून हे जमतं. बहुतेक वेळा वरचे सगळे बिट शून्य असतात आणि उत्तर साध्या बाइटक्रमांकासारखं दिसतं.

त्यामुळे लोक ते बाइटक्रमांक समजून वापरायला लागतात. 'रीडलाइन'ने ओळ वाचायच्या आधी 'टेल', नंतर पुन्हा 'टेल', वजाबाकी केली की ओळीची लांबी. लिनक्सवर हे मस्त चालतं, विंडोजच्या फाईलींवरही चालतं. मग एके दिवशी जुन्या मॅकवरची, एकट्या १३ने ओळी तोडलेली फाईल येते आणि पहिल्याच चार अक्षरी ओळीची लांबी वीस आकड्यांहूनही लांबलचक निघते.